दारातला बर्फ आणि कलम पाच

भोरवड हे गाव तापीच्या काठी वसलेलं आहे आणि दर उन्हाळ्यात ते आपण इथे का वसलो म्हणून पस्तावतं. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकायचा, केळीची पानं उभ्या झाडावर भाजून निघायची आणि दुपारी रस्त्यावर पत्ता विचारायला कुत्रंही सापडायचं नाही. अशा गावात बर्फावरून घसरून माणसाचा हात मोडेल आणि त्यासाठी कायदा करावा लागेल, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला ऊन लागलंय असं समजून लोकांनी त्याच्या डोक्यावर कांदा ठेवला असता.

पण कायदा झाला. तो पराग भारंबेनं लिहिला आणि त्याचा पहिला दणका त्याच्याच आईला बसला.

आधी बर्फ कुठून आला ते सांगायला हवं. डॉ. इरावती नेहेते या भोरवडच्याच. भौतिकशास्त्र शिकायला बाहेर गेल्या आणि एक पांढरा लेप घेऊन परत आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपात सतत बाहेर टाकत असते. चूल टाकते, माणूस टाकतो, फरशीही टाकते. त्यातली बरीचशी हवेतली वाफ अडवून धरते आणि परत आपल्याच अंगावर टाकते. पण अवरक्त किरणांचा एक पट्टा असा आहे की कोरडी हवा त्याला अडवतच नाही. आकाशाला जणू तेवढीच एक खिडकी आहे. इरावतीबाईंचा लेप दिवसा उन्हाचा जवळजवळ सगळा प्रकाश परतवून लावायचा आणि स्वतःची उष्णता नेमकी त्या खिडकीतून थेट अंतराळात भिरकावून द्यायचा. वीज नको, पंखा नको, बटणही नाही.

नगरपालिकेनं हा लेप गावातल्या सगळ्या फूटपाथना दिला आणि भोरवडचं नशीब पालटलं. भर मे महिन्यात फूटपाथ माठासारखे गार. शेजारच्या तालुक्यातले पाहुणे यायचे, घरात चहा प्यायचे आणि मग गप्पांना फूटपाथवर जाऊन बसायचे. सरकारी दवाखान्यातला उष्माघाताचा वॉर्ड ओस पडला आणि तिथल्या सिस्टर दुपारी कॅरम खेळू लागल्या. गावानं वेशीवर इरावतीबाईंचा फ्लेक्स लावला. त्यात त्यांच्या फोटोपेक्षा नगराध्यक्षांचा फोटो मोठा होता, पण भावना खऱ्या होत्या.

बटण नाही हा लेपाचा उन्हाळ्यातला गुण हिवाळ्यात अंगाशी आला. खानदेशातली डिसेंबरची रात्र निरभ्र आणि कोरडी. हवा सहा-सात अंशांवर, आणि खाली फूटपाथ रात्रभर इमानदारीनं आपली उष्णता अंतराळाला वाटत बसलेला. पहाटेपर्यंत तो शून्याच्या खाली जायचा. मग त्यावर पडलेलं दव गोठायचं आणि काचेसारखा, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरायचा.

पहिले आठ दिवस गाव खूश होतं. लोक स्वेटर घालून बर्फासोबत फोटो काढत होते. मग दूधवाला पडला, त्यानंतर त्याला उचलायला गेलेले दोघं पडले, आणि त्या तिघांना बघून हसणारे हेडमास्तर पडले. मीठ टाकलं तर लेप खराब होत होता. तेव्हा नगरपालिकेला आठवलं की आपल्याकडे एक विधी अधिकारी आहे.

पराग अठ्ठावीस वर्षांचा होता आणि तोवर त्यानं फक्त केळीच्या हातगाड्यांचे खटले चालवले होते. त्यानं थंड देशांतल्या शहरांचे नियम आणून वाचले आणि महिनाभरात बर्फाचा नियम लिहून काढला. कलम चार: निसर्गतः साचलेल्या बर्फावरून कुणी घसरल्यास समोरचा घरमालक जबाबदार नाही. कलम पाच: मात्र घरमालकाने त्या बर्फाला हात लावला, तो हलवला, खरवडला, वितळवला वा नवा तयार केला, तर पुढच्या घसरण्यास तो जबाबदार. शिक्षा दारबंदीची. म्हणजे दारासमोरच्या फूटपाथला एक वर्ष पाणी, झाडू, पावडर काही लावायचं नाही.

परागचा हेतू चांगला होता. लोकांनी घाईघाईत अर्धवट सफाई करू नये, नीट करावी, एवढंच त्याला सुचवायचं होतं. गावानं मात्र नियम वाचला आणि तात्पर्य काढलं की बर्फाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून भोरवडमध्ये बर्फाला देवघरातल्या टाकांपेक्षा जास्त सोवळं आलं. कुदळीनं खरवडणारे शिंपी कुदळ माळ्यावर ठेवून आले. फडकी विकणाऱ्या दुकानदारानं पाटी लावली: "फूटपाथ पुसण्यासाठी नाही." लोक सकाळी दारात उभे राहून आपापल्या बर्फाकडे बघत आणि ऊन येऊन तो आपणहून जाईपर्यंत घरात बसत.

तरीही, एवढ्या कोरड्या प्रदेशात आपण बर्फाचा कायदा केला, याचा परागला अभिमान होता. त्यानं नियमाची एक प्रत घरी आणून आईला वाचून दाखवली.

शालिनीबाई गहू निवडत ऐकत होत्या. "म्हणजे दारात सडा टाकायचा नाही?"

"आई, पाणी टाकलंस तर ते गोठतं. मग तो नवा तयार केलेला बर्फ. कलम पाच."

"तुझे वडील गेले त्या दिवशी सोडून मी सडा चुकवला नाही. आणि त्या दिवशीही शेजारच्या वारके भाऊजींच्या मिसेसनं टाकला, बिचारीनं."

"सगळ्या आळीनं थांबवलाय आता."

"आळीचं मला सांगू नकोस. आळीनं तर जेवणही पाकिटातलं चालू केलंय." त्यांनी एक खडा उचलून परागच्या नियमावर ठेवला. "छान लिहिलंय हो. अक्षरं स्वच्छ आलीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे सडा पडला. ओल्या जागेवर शालिनीबाईंनी रांगोळी काढली. त्यांच्यासारखं रेखाटन आळीत कुणाला यायचं नाही. मोर काढला तर तो आता उडेल असं वाटायचं, आणि बाई त्याची राखणही तशीच करायच्या. एकदा पोस्टमनच्या सायकलचं चाक कमळाच्या पाकळीवरून गेलं तेव्हा आठवडाभर त्या घराची पत्रं शेजारी पडत होती, कारण पोस्टमन दाराशी यायला तयार नव्हता.

या रांगोळीला एक परीक्षक होते. शेजारचे निंबाजी वारके, एसटी डेपोतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. बायको गेल्यावर त्यांचं आयुष्य वेळापत्रकावर चालायचं आणि त्यात रोज सकाळचा एक जुना थांबा शालिनीबाईंचं दार हा होता. ते रांगोळीसमोर उभे राहत, हात मागे बांधत आणि दहापैकी गुण देत. परागच्या बारशाच्या दिवशी त्यांनी साडेआठ दिले होते. त्यावर कधी गेले नाहीत.

"साडेसात," असं म्हणून ते रांगोळीला वळसा घालत आणि पुढे जात.

त्या सकाळी ते "सात" म्हणाले, वळसा घातला, आणि दिसेनासे झाले.

पराग धावत बाहेर आला तेव्हा वारके काका फूटपाथच्या कडेला पालथे पडले होते आणि त्यांचं डावं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. शालिनीबाई पायरीवर रांगोळीचा डबा धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा रांगोळीसारखाच पांढरा.

"काही नाही वहिनी," काका जमिनीवरून म्हणाले. "मीच जरा वेळेआधी निघालो."

पराग त्यांना उठवत असतानाच त्याच्या खिशातला फोन वाजला. फूटपाथवरच्या खांबांवर नगरपालिकेनं कॅमेरे बसवले होते. कोण पडलं, कुठे पडलं, तिथला बर्फ निसर्गाचा की माणसाचा, हे खांब स्वतः ठरवायचा आणि विधी अधिकाऱ्याची सही स्वतःच लावून नोटीस पाठवायचा. तसं करायची सूचना परागचीच होती. वेळ वाचतो म्हणून. नोटीस शालिनी भारंबे यांच्या नावानं होती आणि खाली त्याचीच वळणदार सही होती.

आईनं चष्मा लावून ती वाचली. "सही अजून वडिलांसारखी येत नाही तुला," एवढंच म्हणाली.

परागनं मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज केला की आरोपी माझी आई आहे, हे प्रकरण दुसऱ्या विधी अधिकाऱ्याकडे द्या. मुख्याधिकारी म्हणाले, "दुसरा कुठाय? तू सुट्टीवर गेलास तर कायदाच सुट्टीवर जातो या गावात." त्यांनी त्याला स्थळपाहणी करायला सांगितली. आठ दिवसांत निकाल. तोवर सडा नाही.

त्या आठ दिवसांत शालिनीबाई पहाटे उठायच्या, पायरीवर बसायच्या आणि कोरड्या दाराकडे बघायच्या. त्यांनी तक्रार केली नाही. भाजीत मीठ मात्र पडायचं बंद झालं. पराग मुकाट्यानं अळणी वांगी खात होता आणि एका अधिकाऱ्यानं स्वतःच्या आईचं दार एक वर्ष बंद केलं तर त्याला घर म्हणायचं की कार्यालय, याचा विचार करत होता.

तो वारके काकांकडे गेला. काका हात गळ्यात अडकवून बसले होते.

"काका, तुम्ही जबाब द्या की तुमचा तोल गेला."

"खोटं सांगू? पस्तीस वर्षं गाड्या सोडल्या मी. एक खोटी वेळ नोंदवली नाही."

"मग आईचं दार बंद होईल."

काकांनी बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ते झालं नाही पाहिजे," ते म्हणाले. "मी सकाळी जाऊ कुठे मग?"

स्थळपाहणीला डॉ. इरावती नेहेते स्वतः आल्या. आपल्या लेपावरून माणूस पडला याचं त्यांना वाईट वाटलं होतं आणि त्या एक यंत्र घेऊन आल्या होत्या. दिसायला ते चाकं लावलेल्या बुटासारखं होतं. खाली रबरी तळवा. तो फरशीवर दाबून ओढायचा, आणि पकड किती आहे ते पडद्यावर दहापैकी यायचं.

पाहणीसाठी शालिनीबाईंना एक दिवस परवानगी मिळाली. त्यांनी सडा टाकला, मधोमध मोर काढला. पाणी बघता बघता गोठलं. वारके काका सवयीनं आलेच होते.

"सहा," ते म्हणाले.

"हात मोडल्यापासून तुम्ही फार कडक झालात, भाऊजी."

इरावतीबाईंनी यंत्र आधी शेजारच्या फूटपाथवरून ओढलं, जिथे कुणी काही केलं नव्हतं. पडद्यावर दीड आलं. मग शालिनीबाईंच्या सड्याच्या कडेवरून ओढलं, जिथे काका पडले होते. एक. म्हणजे आईचा बर्फ जास्तच निसरडा.

मग यंत्राचं चाक जरा वाकडं झालं, बूट मोराच्या पिसाऱ्यावरून गेला, आणि शालिनीबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं आळीतल्या खिडक्या उघडल्या.

"सॉरी, सॉरी," म्हणत इरावतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर नऊ होतं. त्यांनी माफी मागून पुन्हा एकदा ओढलं. पुन्हा नऊ.

"नऊ?" वारके काका म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "याला? या मोराला?"

इरावतीबाई गुडघ्यांवर बसल्या आणि बोटानं रांगोळी चाचपली. "रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ओल्यावर टाकली की पाण्याबरोबर गोठते, पण दाणे वर टोकं काढून राहतात. पॉलिश पेपर होतो त्याचा. थंड देशांत लोक फूटपाथवर वाळू आणि खडी टाकतात ना, तेच काम. आणि हा पिसाऱ्यातला गेरू बघा. माझा पांढरा लेप ऊन परत पाठवतो, हा लाल रंग ते शोषून घेतो. सकाळी इथलाच बर्फ आधी वितळणार." त्यांनी वर पाहिलं. "भारंबे साहेब, सगळ्या भोरवडमध्ये न घसरणारी एवढीच जागा आहे."

"मग काका कसे पडले?" परागनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं. त्यानं फोनवर खांबाचं चित्रण काढलं. काका येतात, थांबतात, "सात" म्हणतात. मग सरळ न जाता रांगोळीला सांभाळून मोठा वळसा घेतात. न घसरणारी जागा सोडून घसरणाऱ्या जागेवर. गेली तीस वर्षं घेतात तसा.

मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल वाचला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्हणजे बाईंनी सुरक्षित वाट करून दिली होती आणि वारके तिच्यावरून चालले नाहीत? मग दोष वारकेंचा?"

"रांगोळीवर पाय कोण ठेवेल, साहेब?"

"तेच तर. नियम बदलायला मी तयार आहे. रांगोळीला परवानगी देऊ, सगळ्या गावाला काढायला सांगू. पण यंत्र चाललं म्हणून माणूस चालेल का? लोक वळसा घालून पडतच राहणार असतील तर मग बाईंच्या पाण्याचा बर्फच तेवढा उरतो, आणि मला दारबंदीवर सही करावी लागेल. शनिवारी सकाळी येतो मी. आळीतला एक माणूस त्या रांगोळीवरून चालून दाखवा. तू सोडून. आणि तुझी आई सोडून."

परागनं हे घरी सांगितलं तेव्हा शालिनीबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता त्यांचा हात थांबला.

"रांगोळी पायाखाली घालायला काढतात का रे?"

"तिच्यामुळे माणूस पडत नाही, आई."

"तुझी आजी सांगायची, रांगोळी तुडवली की घरची लक्ष्मी मागल्या पावली जाते."

"आजीच्या वेळी फूटपाथ शून्याखाली जात नव्हता."

 शालिनीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. आजवर त्यांची भाकरी करपलेली परागनं पाहिली नव्हती.

"भाऊजींचा हात कसाय?" त्यांनी विचारलं.

"प्लास्टर अजून महिनाभर."

"सात गुणांची रांगोळी वाचवायला हात मोडून घेतला," त्या पुटपुटल्या. "येडा माणूस."

शनिवारी पहाटे पराग बाहेर आला आणि दारातच खिळला. रांगोळी भिंतीपासून फूटपाथच्या कडेपर्यंत होती. इंचभर जागा सोडलेली नव्हती. मोराचा पिसारा गटाराच्या झाकणाला टेकला होता, चोच विजेच्या खांबाखाली आली होती, आणि सगळीकडे गेरू, हळदी रंग, विटेची पूड. वळसा घालायचा असता तर थेट रस्त्यावरून, ट्रॅक्टरच्या खालून घालावा लागला असता. शालिनीबाई कंबरेवर हात ठेवून पायरीवर उभ्या होत्या. बोटं गारठून निळी पडली होती.

आळी जमली होती. मुख्याधिकारी मफलर गुंडाळून उभे होते, इरावतीबाई यंत्र घेऊन. पण पुढे कुणी येईना. शिंप्याला एक काम आठवलं. हेडमास्तर म्हणाले की माझे बूट चिखलाचे आहेत, एवढं सुंदर खराब होईल. एकीनं तर हात जोडून नमस्कारच केला आणि ती मागे सरकली.

"शालिनीबाई," मुख्याधिकारी घड्याळ बघत म्हणाले, "मला वाटतं..."

वारके काका वेळेवर आले. रांगोळीसमोर थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वळसा कुठेच नव्हता. मग त्यांनी वाकून, एका हातानं, बुटाची लेस सोडायला घेतली.

"भाऊजी, काय करताय?"

"बूट काढतो. बुटानं कसं तुडवू?"

"पाय चिकटेल बर्फाला. मग तुम्हाला उपटायला कोण येईल?" शालिनीबाई एक पायरी खाली उतरल्या. "बुटासकट या. मी सांगतेय ना. मी काढलीय, मीच म्हणतेय. टाका पाय."

काकांनी लेस परत बांधली, म्हणजे परागनं बांधून दिली. मग त्यांनी पाय उचलला. सगळी आळी त्या पायाकडे बघत होती. तो हवेत इतका वेळ राहिला की इरावतीबाईंनी यंत्र खाली ठेवून हात पुढे केले. मग तो मोराच्या मानेवर टेकला.

कर्रर्र असा बारीक आवाज झाला. काका हलले नाहीत. दुसरा पाय टाकला. मग तिसरं पाऊल. मधोमध येऊन त्यांनी मुद्दाम टाच दाबून पाहिली, गाडीचा ब्रेक तपासावा तशी, आणि मग पिसाऱ्यावरून सरळ, ताठ, डेपोत चालायचे तसे चालत पलीकडे गेले.

"कसं वाटलं?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"पक्कं," काका म्हणाले. मग वळून रांगोळीकडे पाहिलं आणि हात मागे बांधायला गेले. एकच हात मागे गेला. "आठ."

"आठच?" शालिनीबाई म्हणाल्या. "रात्रभर जागलेय मी."

"मान मोडलीय मोराची."

"ती तुमच्याच बुटानं मोडली."

"म्हणून तर अर्धा कापला."

त्यावर आळी हसली आणि त्या हसण्यातच शिंपी पुढे आला. त्यानं डोळे मिटून पहिलं पाऊल टाकलं. मग हेडमास्तर, चिखलाचे बूट पायपुसण्याला पुसून. नमस्कार करणारी बाई आधी पुन्हा नमस्कार करून. मग दूधवाला, सायकल हातात धरून, आणि शाळेत निघालेली पोरं, जी मुद्दाम तीन-तीनदा गेली. शालिनीबाई पायरीवरून बघत होत्या. पहिल्या दहा पावलांना त्यांचा चेहरा आवळला. नंतर त्या "तिकडून नको, इकडून, इकडे जाड टाकलीय" असं सांगू लागल्या. कुणीतरी विचारलं, रांगोळी कुठली वापरता, त्यावर त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं आणि "पाणी आधी, भुकटी मग. उलट केलं तर काही उपयोग नाही," असं दोनदा बजावलं.

मुख्याधिकाऱ्यांनी तिथेच खांबाला कागद टेकवून नोटीस रद्द केली. परागनं कलम पाच खोडलं आणि नवं लिहायला घेतलं. दारासमोर वाट करून देणाऱ्याला दोष नाही, असं त्यानं लिहिलं. मग थोडा विचार करून पुढे लिहिलं: भोरवडमध्ये रांगोळीवरून चालण्यास मनाई नाही, मात्र वळसा घालण्यास आहे.

"अक्षर सुधारलं हो तुझं," आई त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाली, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टावर लाल पंजा उमटला. तो शर्ट त्यानं त्या दिवशी ऑफिसलाही तसाच घातला.

ऊन आलं. गेरूखालचा बर्फ सगळ्यात आधी वितळला, इरावतीबाईंनी सांगितल्याप्रमाणे. गर्दी पांगली. आता तिथे मोर नव्हता. एक डोळा उरला होता, तोही खांबाच्या अगदी बुडाशी असल्यामुळे. बाकी सगळा लाल-पिवळा राडा, आणि त्यात सगळ्या आळीच्या चपला-बुटांचे ठसे, एकावर एक, सगळे सरळ गेलेले.

वारके काका अजून तिथेच होते. त्यांनी ते सगळे ठसे एकदा नजरेखालून घातले. मग त्यांनी गळ्यातला हात जरा सावरला.

"दहा," ते म्हणाले.

शालिनीबाईंनी खराट्याकडे नेलेला हात मागे घेतला. "आता? आता काय उरलंय त्यात, भाऊजी?"

पण काका वेळेचे पक्के होते आणि त्यांना उशीर झाला होता. ते त्या राड्यावरून, मधूनच, सरळ चालत पुढे गेले.